माझा खोकला आणि सोनाबाईंचा दोरा

डॉक्टरांनी माझी जीभ फडक्याने धरून बाहेर ओढली, स्पिरिटच्या दिव्यावर ऊन केलेला लहानसा आरसा घशात घातला आणि "ई म्हणा" असे सांगितले. मी म्हणून पाहिले. आवाज निघाला नाही, नुसती हवा निघाली. आरसा काढून त्यांनी तो पांढऱ्या तसराळ्यात ठेवला आणि हात धुता धुता विचारले, "खोकला कधीपासून?"

मी दोन बोटे वर केली. दोन महिने.

उस्मानाबादच्या दवाखान्यात मी दिलेले हे पहिले उत्तर, आणि ते खोटे होते. मला खोकला लागून अकरावा महिना चालू होता.

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला. "ट्यूबरक्युलर लॅरिंजायटिस," ते म्हणाले. मग माझी पत्नी रूथ हिच्याकडे वळून त्यांनी समजावून सांगितले, "स्वरयंत्राचा क्षय. रोग आधी फुप्फुसात होतो. खोकून खोकून तो घशाला लागतो आणि तिथं जखमा होतात. हे काही दोन महिन्यांचं नाही."

रूथ माझ्याकडे बघत राहिली. खोकला तिला ठाऊक होता. रक्त ठाऊक नव्हते. रक्ताचा रुमाल मी चुलीत घालत असे.

"काय करतात हे?" डॉक्टरांनी विचारले.

"मिशनच्या शाळेत मास्तर आहेत," रूथ म्हणाली. "गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच पण आहेत." हे सांगताना तिच्या आवाजात नेहमीचा अभिमान होता.

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "वर्गात मुलं किती?"

त्या प्रश्नाबरोबर मला जी भीती वाटली, ती आजही पुरती गेलेली नाही. मरणाची भीती तिच्यापुढे साधी होती. मरण माझे एकट्याचे असते.

"आजपासून बोलायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण पडतो. तीन महिने व्हॉइस रेस्ट. म्हणजे आवाजाला पूर्ण विश्रांती. काय हवं ते लिहून सांगायचं."

हे मी अशांसाठी लिहीत आहे ज्यांच्या उशाखाली आज एखादा रुमाल लपवलेला असेल. मला ते लिहायला चार वर्षे लागली.

आमचे गाव लोहाऱ्याकडचे. ख्रिस्ती घरे वीस-बावीस. प्रार्थनाघर म्हणजे शाळेचीच लांब खोली, रविवारी मुलांच्या पाट्या कोपऱ्यात रचून ठेवल्या की देऊळ होत असे. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत. बाकीचे तीन रविवार आणि दर बुधवारची प्रार्थनासभा माझ्याकडे असे.

माझा आवाज चांगला होता. चांगला म्हणजे इतका, की पाळकसाहेब स्वतः म्हणत, "मास्तर, शेवटची प्रार्थना तुम्हीच करा." मी उभा राहिलो की बायका डोक्यावरचा पदर सारखा करीत. लोहाऱ्याच्या बाजारातसुद्धा दुकानदार ओळख करून देताना म्हणत, हे ते प्रार्थनावाले मास्तर. मी मान खाली घालून नम्रपणे हसत असे. ती मान खाली घालणेही मला साधले होते.

खोकला पोळ्यानंतर लागला. आधी सकाळी, मग दिवसभर. मी खडीसाखर तोंडात धरायचो, अडुळशाचा काढा प्यायचो. संध्याकाळी अंग तापे, ते मी थकव्यावर घातले. नाताळात भजने म्हणताना पहिल्यांदा तोंडात खारट चव आली. रुमाल पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला.

तेव्हाच दवाखाना गाठायचा होता. मी गाठला नाही. क्षय म्हटले की शाळा गेली, हे एक. पण खरे कारण ते नव्हते. आमच्या मंडळीत आजार पडला की लोक विचारत, कोणतं पाप झालं असेल. आणि हे लोकांना शिकवले कोणी? मीच. अनेक बुधवारी, मोठ्या आवाजात. आता तोच प्रश्न माझ्याकडे येणार होता, आणि तो ऐकण्यापेक्षा रक्त गिळणे मला सोपे वाटले.

महिन्याच्या प्रभुभोजनाला आमच्याकडे एकच प्याला असे. मनुका भिजवून काढलेला रस, जर्मनचा म्हणजे अॅल्युमिनियमचा प्याला. पाळकसाहेबांनंतर पहिला घोट पंचाचा, म्हणजे माझा. मग पुरुष, मग बायका. प्रत्येकानंतर पाळकसाहेब कडा पांढऱ्या फडक्याने पुसत. रक्त दिसू लागल्यावरही मी तो पहिला घोट घेतला. सहा महिने घेतला.

मनुका भिजवण्याचे आणि नंतर प्याला घासण्याचे काम सोनाबाईंचे होते.

सोनाबाई विधवा. लेक आणि जावई हैदराबादेकडे कामाला गेले ते परतले नाहीत, एक नात मागे राहिली, करुणा. आठ वर्षांची. वर्गात तिच्यासारखे पाठांतर कोणाचे नव्हते. पाळकसाहेब आले की मी तिलाच उभी करायचो, आणि आवाज ऐकू यावा म्हणून तिला माझ्या टेबलाला लागून बसवले होते. मी खडू हातात घेऊन खोकायचो तेव्हा ती तोंड वर करून, पुढचा शब्द कोणता येतो याची वाट बघत असायची.

नाताळानंतर करुणाला ताप येऊ लागला. संध्याकाळी यायचा, सकाळी उतरायचा. मानेला गाठी आल्या. पोर वाळत चालली. सोनाबाईंनी मिशनच्या गोळ्या दिल्या, माझ्याकडून प्रार्थना करवून घेतली. मी घरी जाऊन, पोरीच्या उशाशी बसून, लांबलचक प्रार्थना केली. मध्ये दोनदा खोकलो.

गुण येईना तेव्हा त्या दर्ग्यात गेल्या. मुजावराने काळा दोरा मंतरून दिला. तो करुणाच्या गळ्यात, झंपरच्या आत, मला वर्गात दिसला.

आमच्या लोकांत एक वाईट खोड आहे, आणि ती बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. कोणाचे चुकले तर आम्ही त्याच्या घरी जाऊन बोलत नाही. आम्ही सभेत डोळे मिटून देवाला सांगतो, आणि ज्याला ऐकू जायचे त्याला ऐकू जाते. देवाशी बोलणाऱ्याला मध्ये अडवणार कोण?

ईस्टरआधीच्या, दुःखसहनाच्या दिवसांतली ती बुधवारची सभा होती. मी डोळे मिटून म्हणालो, हे प्रभू, आमच्यातली एक बहीण तुला सोडून दोऱ्याला शरण गेली आहे, तिचे अंतःकरण मोड. 'एक बहीण' म्हटले तरी खोलीतले सगळे चेहरे सोनाबाईंकडे वळले असणार. मला दिसले नाहीत. माझे डोळे मिटलेले होते. आमेननंतर डोळे उघडले तेव्हा त्या उभ्या होत्या. कोणी त्यांना उभे राहायला सांगितले नव्हते. त्यांनी तिथेच पोरीच्या गळ्यातला दोरा तोडला, माझ्या टेबलावर ठेवला आणि खाली बसल्या.

तरी मी थांबलो नाही. पंचांची बैठक बोलावली. नियमाप्रमाणे त्यांना सहा महिने प्रभुभोजनातून बंद केले. त्या दर रविवारी येत राहिल्या. प्याला समोरून निघून जाई, आणि उपासना झाल्यावर त्याच तो राखेने घासून ठेवीत.

आता दवाखान्याकडे येतो.

क्षयाचा वॉर्ड मुख्य इमारतीपासून वेगळा, लांब ओसरीसारखा होता. समोर जाळी, जाळीपलीकडे कडुलिंबाचे झाड आणि पाण्याचा नळ. पहिल्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताच्या खाटेवरचा भूमकडचा शेतकरी गेला. सकाळी त्याने माझ्याकडून काड्यापेटी मागून घेतली होती आणि दुपारी त्याची गादी उन्हात घातली होती. ती काड्यापेटी परत मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

स्ट्रेप्टोमायसीनचे इंजेक्शन रोज. हे जंतू मारणारे औषध, पण काहींना कानाला बाधते, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले. दहाव्या दिवशी माझ्या कानात नाद सुरू झाला. मुका झालो होतो, आता बहिरा होणार असे वाटून मी चादर तोंडात धरून रडलो. डॉक्टरांनी डोस बदलला, नाद कमी झाला, गेला नाही. शिवाय पी.ए.एस. नावाची पूड, दिवसाला ओंजळभर, जी पोटात ठरत नाही. आणि आय.एन.एच.च्या लहान गोळ्या. ही तीन औषधे एकमेकांना धरून काम करतात, एकही सोडायचे नाही. मला उलट्या झाल्या, भांडे वॉर्डबॉयने धरले. मला उभे राहवेना, नळावर नेऊन दुसऱ्याने पाय धुतले. ज्याच्या हातून मी गावात पाणी घेताना विचार केला असता, अशा माणसाने माझे तोंड पुसले.

उजव्या हाताच्या खाटेवर जब्बारभाई होते. उस्मानाबादेतलेच शिंपी, माझ्याच वयाचे. त्यांना फुप्फुसाचा क्षय, पण तोंड मोकळे, आणि मुक्या शेजाऱ्यासारखा श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाले, "क्या मास्टर, सारी जिंदगी पोरांना 'गप बसा' म्हनून ओरडलात. अल्लानं ऐकलं, पन पत्ता चुकला."

मी शाळेची एक पाटी बरोबर आणली होती. पण मराठी अक्षर जब्बारभाईंना येत नव्हते. तेव्हा मला आठवले की मलाही उर्दू येते. निजामाच्या वेळेस शाळेत आम्ही उर्दूतूनच शिकलो होतो. मग मी उर्दू अक्षरांत लिहायचो आणि ते वॉर्डला ओरडून सांगायचे, मास्टरला पानी पाहिजे, मास्टरला भांडं पाहिजे. माझी पेन्सिल संपली तेव्हा त्यांनी खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढून दिला. अशा रीतीने माझा आवाज जब्बारभाईंच्या तोंडात गेला.

डॉक्टरांनी आमच्या गावी आरोग्यखात्याचा माणूस पाठवला होता. मुलांची मॅन्टू टेस्ट, म्हणजे हातात सुई टोचून तीन दिवसांनी सूज बघायची. मोठ्यांच्या थुंकीची तपासणी. निकाल यायला पंधरा दिवस. ते पंधरा दिवस मी झोपेत नावे म्हणत होतो. वर्गाची हजेरी, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्रत्येक नावाला थांबून, हा असेल का, ही असेल का. प्रार्थना करायला जायचो आणि हजेरीच व्हायची. जी वाक्ये इतकी वर्षे तोंडातून ओघाने येत होती, त्यांतले एकही माझ्या मदतीला आले नाही. तेव्हा कळले की ती मी देवासमोर कधी बोललोच नव्हतो. माणसांसमोर बोललो होतो.

रूथ रविवारी आली तेव्हा तिचा निकाल घेऊन आली. ती निर्दोष होती. तिने जाळीतून बोटे आत घातली. मला हायसे वाटले आणि लगेच पुन्हा भीती वाटली, कारण ती काहीतरी बोलायची थांबली होती.

"करुणाला आणलंय," ती म्हणाली. "पोरांच्या खोलीत आहे. गाठी क्षयाच्याच निघाल्या."

संध्याकाळी डॉक्टर आले. पाटीकडे बोट करून म्हणाले, "ती मुलगी वर्गात कुठं बसते?"

मी लिहिले, माझ्यासमोर.

"ताप कधीपासून?"

मी लिहिले, नाताळापासून. मग ते पुसले, आणि जे पहिल्या दिवशी लिहायला हवे होते ते लिहिले. खोकला अकरा महिने. रक्त नाताळापासून. आम्ही एकाच प्याल्यातून पितो.

डॉक्टरांनी दोनदा वाचले. ते रागावले असते तर बरे झाले असते. "प्याल्याचं एवढं नाही," ते शांतपणे म्हणाले. "हा रोग हवेतून जातो. खोकल्यातून. समोर बसणाऱ्याला."

मग त्यांनी सांगितले की पोरीला दोन दिवस उलट्या होत आहेत, गुंगी आहे, मान ताठ वाटते. "मेनिंजायटिस असेल तर कठीण. मेंदूच्या आवरणाला क्षय होतो. उद्या लंबर पंक्चर करू. पाठीच्या कण्यातून पाणी काढून बघायचं. ते गढूळ असलं तर..."

मी आडवा पडलो आणि सगळे एकावर एक रचून दिसू लागले. पोरीला ताप माझा होता. त्या तापापायी एका एकट्या बाईने दोरा बांधला. त्या दोऱ्यापायी मी तिला भर सभेत उभे केले. आग मी लावली होती, आणि पाण्यासाठी भलत्या विहिरीवर गेलीस म्हणून तिलाच शिक्षा दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाबाई नळावर आल्या. कळशी भरताना त्यांनी जाळीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सलाम, मास्तर. कसं हाय?" जणू आम्ही लोहाऱ्याच्या बाजारात भेटलो होतो.

मनात आले, निकाल येऊ दे. पाणी स्वच्छ निघाले तर सांगू. मग आणखी एक गोष्ट मनात आली, ती लिहायला लाज वाटते. पाणी गढूळ निघाले, पोर गेली, तर सोनाबाईंना सांगण्याची गरजच काय? डॉक्टर काही त्यांना सांगणार नाहीत.

या विचारानेच मी इतका घाबरलो की उठून बसलो. हा तोच माणूस होता, रुमाल चुलीत घालणारा. रोगाने याचे काहीही बिघडवले नव्हते. मी वाचलो असतो तर हाच वाचला असता. त्या क्षणी मी मनात एवढेच म्हणालो, प्रभू, मला हे जमत नाही, तू करवून घे. ती माझ्या आयुष्यातली पहिली आखूड प्रार्थना.

मी खडू घेतला. सोनाबाईंना वाचता येत नव्हते. रूथ गावी गेली होती. मी उर्दू अक्षरांत, आमच्याच बोलीत, पाटीच्या दोन्ही बाजू भरल्या आणि जब्बारभाईंकडे दिली.

त्यांनी ओठ हलवत वाचले. थट्टा करायला उघडलेले तोंड तसेच मिटले.

"दर्ग्याचा दोरा होता म्हनून तुम्ही ह्या बाईला बाहेर काढलंत," ते हळू म्हणाले. "अन् माफी मागायला दर्ग्यावाल्याचंच तोंड पाहिजे. वा रे मास्टर." मग खोकून घसा साफ केला आणि हाक मारली, "अम्मा, जरा इकडं या. मास्टरचं तुमच्याकडं काम हाय."

सोनाबाई कळशी खाली ठेवून जाळीजवळ आल्या. वॉर्डातले बाकीचेही उठून बसले होते. मी जब्बारभाईंना खूण केली, मोठ्याने वाचा. मी सभेत बोललो होतो, उत्तरही सभेतच व्हायला हवे होते.

ते वाचू लागले. "सोनाबाई, मला अकरा महिने खोकला होता. नाताळापासून रक्त पडत होतं. म्या ते लपवलं. नोकरी जाईल म्हनून, अन् लोक मला पापी म्हनतील म्हनून." इथे ते थांबले, सोनाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. "मी म्हंजे हा मास्टर, अम्मा. मी न्हाय." मग पाटी उलटी केली. "करुणाला रोग माझ्यापासून झाला. माझ्या रोगासाठी तुम्ही दर्ग्याचा दोरा बांधला, अन् म्या तुम्हाला सगळ्यांत उभं केलं, प्रभुभोजनातून बाहेर काढलं. पाप माझं होतं, शिक्षा तुम्हाला झाली. मी माफी मागायच्या लायक न्हाय, तरी मागतो."

नळ पुरता बंद केलेला नव्हता, तो ठिबकत होता.

"पुन्ना एकदा वाचा," सोनाबाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा वाचले. या वेळी मध्ये थांबले नाहीत.

सोनाबाईंनी जाळीला एक हात लावला. "मास्तर, तुमी घरी येऊन प्रार्थना केली, तवा बी तुमाला ठावं होतं?"

मी मान हलवली. होय.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू आत उताणं पडलंय. माझ्यापाशी आत्ता तुमच्यासाठी काय बी न्हाय." आणि कळशी उचलून गेल्या.

दुपारी पाठीतले पाणी काढले. आमच्या वॉर्डपर्यंत पोरीचा आवाज आला, एकदाच. निकाल दुसऱ्या दिवशी कळणार होता. तोवरचा वेळ कसा गेला हे सांगता येणार नाही. एवढे सांगतो की माझ्याजवळ धरायला काही उरले नव्हते. आवाज नाही, नाव नाही, चांगला माणूस असल्याची समजूतही नाही. मी नुसता पडून होतो, आणि कोणीतरी मला खालून धरले आहे असे वाटत होते. सुख वाटत नव्हते. भीती तेवढीच होती. पण तळाशी खाट होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या फेरीला डॉक्टर आले आणि माझ्याजवळ येण्याआधी दारातूनच म्हणाले, "पाणी स्वच्छ आहे. मेनिंजायटिस नाही. उलट्या औषधानं होत होत्या, आणि वर हिवताप चढला होता. गाठी आणि फुप्फुसावर थोडा डाग आहे. वर्षभर औषध घेतलं तर बरी होईल."

जब्बारभाई वरती बघून काहीतरी पुटपुटले. मी पाटी छातीवर उपडी ठेवली.

तीन दिवसांनी सोनाबाई पुन्हा जाळीशी आल्या. मी घाईने खडू शोधू लागलो. "ऱ्हाऊ द्या ते," त्या म्हणाल्या. "तुमी गप बसा. मी प्रार्थना करते."

बारा वर्षांत मी त्यांना सभेत एकदाही प्रार्थना करायला सांगितले नव्हते. त्यांना बोलता येत नाही असे मला वाटे. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

"बापा, ह्या मानसाला लई बोलायची सवं. तू त्येला गप केलंस, त्ये बरं केलंस. आता त्येचा घसा बरा कर. माझ्या लेकराला बरं कर. माझ्या मनात त्येच्यासाठी राग हाय, त्यो बी तूच बघ. आमेन."

"आमीन," शेजारच्या खाटेवरून जब्बारभाई म्हणाले.

मला म्हणता येत नव्हते. मी पाटीवर खडू दोनदा वाजवला.

माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. आजवर म्हणालेल्या नाहीत. मी पुन्हा विचारले नाही.

रूथच्या हाती मी पाळकसाहेबांना पत्र पाठवले. पाटीवर होते तेच त्यात होते, आणि ते मंडळीत वाचून दाखवावे अशी विनंती होती. सोनाबाईंवरची बंदी त्याच रविवारी उठली. माझे पंचपण गेले आणि जो नियम त्यांना लावला होता तोच मला लागला, सहा महिने. नियम बरोबरच होता.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा आरसा घातला. "जखमा भरल्या. आता नाव सांगा."

"दावीद," मी म्हणालो. गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज निघाला. त्यावर जब्बारभाई म्हणाले, मुका होतात ते बरं होतं. ते माझ्याआधी घरी गेले. जाताना खडूचा उरलेला तुकडा त्यांनी मला दिला.

एकूण अकरा महिने मी तिथे होतो. जेवढे लपवले, तेवढेच. करुणा माझ्याआधी बरी होऊन गेली होती. तिच्या मानेवर डाव्या बाजूला, गाठ फुटली होती तिथे, सुरकुतलेला व्रण आहे. तो मी दर रविवारी पाहतो. वर्गातली बाकीची मुले आजवर ठीक आहेत. ठीक आहेत असे लिहितानाही भीती वाटते, कारण हा रोग वर्षानुवर्षे अंगात झोपून राहतो असे डॉक्टरांनी सांगितले आहे. कोणाचे पोर खोकले की माझी हजेरी पुन्हा सुरू होते.

तुमच्यापैकी कोणाला पंधरा दिवसांवर खोकला असेल, संध्याकाळी अंग तापत असेल, तर आज उठा आणि थुंकी तपासून घ्या. देव मला बरे करील म्हणून घरी बसू नका. मी देवावर भरवसा ठेवून बसलो नव्हतो, लाजेवर ठेवून बसलो होतो, आणि तिला विश्वास म्हणत होतो. देवावर टेकणे म्हणजे काय ते मला त्याने दुसऱ्यांच्या हातांनी शिकवले. भांडे धरणाऱ्या, पाटी वाचणाऱ्या, कळशी खाली ठेवून जाळीशी येणाऱ्या. त्या सर्वांचे उपकार मी फेडू शकत नाही.

माझ्या थुंकीची तपासणी तीनदा स्वच्छ आली. नियमाचे सहा महिनेही संपले. तेव्हा मी डॉक्टरांना विचारून प्रभुभोजनाला गेलो. पुढे बसलो नाही. दाराशी, पोत्यावर, सगळ्यांच्या मागे बसलो, म्हणजे माझ्यानंतर कोणाला प्यावे लागणार नाही. प्याला पुरुषांतून गेला, बायकांतून गेला. शेवटी पाळकसाहेब माझ्याकडे आले. तळाशी एक घोट राहील एवढाच रस होता. मी ओठ लावले न लावले असे केले आणि परत दिला.

पाळकसाहेब फडक्याने कडा पुसू लागले तेव्हा एक हात पुढे आला. सोनाबाई बायकांतून उठून दाराशी आल्या होत्या. आपली पाळी त्यांनी घेतलीच नव्हती. "माझा ऱ्हायलाय," त्या म्हणाल्या, आणि पुसण्याची वाट न बघता उरलेला घोट पिऊन टाकला. मग नेहमीप्रमाणे प्याला घासायला बाहेर घेऊन गेल्या.

गायन सुरू झाले. माझ्या घशात खवखवले. पूर्वी मी ते गिळले असते. मी रुमाल तोंडाशी धरून उठलो, बाहेर उघड्यावर गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा खोकलो.

सोनाबाई राखेच्या हातांनी उभ्या राहिल्या. त्या घाबरल्या होत्या. मीही घाबरलो होतो.

"दावा," त्या म्हणाल्या.

मी रुमाल उघडून त्यांच्यापुढे धरला. आम्ही दोघांनी तो मिळून पाहिला.

पांढरा होता.